विसण

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: डोळे उघडे, तोंड बंद.
लॅबमध्ये कुठंतरी पाणी मुरतंय. आमच्याकडे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा कफ येतो. जन्मापासून छातीत चिकट कफ साठणारी माणसं. त्या कफात मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयाच्या जंतूची भावकी, आहे का ते मी बघतो. आधी कफ औषधाने धुवायचा, मग निर्जंतुक पाणी घालायचं. ते पाणी आता नवी करते. नवी म्हणजे नवी टेक्निशियन. फार हसते. आज तिच्या बाटलीचं झाकण सैल होतं. विचारलं तर म्हणाली, सर, आत्ता तुम्हीच उघडलंत.
उत्तर तयारच होतं. हेच संशयास्पद.

६ जानेवारी
उपाय सापडला. आपलं पाणी आपण करायचं. चहाच्या किटलीत खळखळ उकळलं. फार कढत झालं. तसंच घातलं तर शोधायचे तेच जंतू मरायचे. म्हणून वरून थोडं विसण घातलं. बाटली माझ्या खणात. खणाला कुलूप. किल्ली खिशात.
बायकोला सांगितलं. म्हणाली, घरात प्यालेला पेला जागेवर ठेवत नाही तुम्ही.
हिला कुणी शिकवलं असेल?

२३ जानेवारी
विजय. तीन रुग्णांत मायकोबॅक्टेरिया. नवीच्या पाण्यात लपत होते, माझ्या पाण्यात उघडे पडले.
तिघांत 'चित्रकार' आहे. कॉलेजातली मुलगी. नमुन्याच्या डबीवर दर वेळी एक बेडूक काढून देते. तिची फुफ्फुसं बदलायची आहेत. हा जंतू असेल तर डॉक्टर ते करत नाहीत. प्रतीक्षा यादीतलं तिचं नाव तूर्त बाजूला काढलं. वाईट वाटलं. पण सत्य ते सत्य.

२६ फेब्रुवारी
चित्रकाराच्या दुसऱ्या नमुन्यातही जंतू. मध्ये मी रजेवर होतो, तेव्हा नवीने केलेला नमुना मात्र साफ. बाई जंतू दडपते आहे.
मुलीचे वडील खिडकीशी आले. म्हणाले, साहेब, काही चूक तर नसेल? म्हटलं, माझ्या हातून? मुलगी मागून म्हणाली, काका, या जंतूला तुमचा लळा दिसतोय. तुम्ही नसलात की येत नाही.
नवीने हिलाही फितवलं.
आता ज्याच्या-त्याच्या कफात सापडतोय. लॅबभर पसरवला जातोय. गुपचूप स्वतःचाही नमुना लावला.

१४ मार्च
मलाही आहे!
सकाळपासून खोकतोय. बायको म्हणाली, अहो, काल रात्री तर छान घोरत होतात. म्हटलं, मी गेल्यावर त्या नवीला सोडू नकोस. म्हणाली, आधी दूध आणा.

१६ मार्च
विभागप्रमुख मॅडमकडे लेखी तक्रार. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं पाणी तपासू. हेच हवं होतं. तीन नळ्या: नवीचं पाणी, स्टोअरच्या कॅनचं, माझं. कुणी अदलाबदल करू नये म्हणून तिन्हींवर मी स्वतः सील लावलं, सही केली. नवी म्हणाली, सर, माझीही सही घ्या ना. घेतली नाही.
आता कळेल कोण किती पाण्यात आहे.

३१ मार्च
नवीची नळी स्वच्छ. स्टोअरची स्वच्छ. माझी गढूळ, जंतूंनी भरलेली.
सील शाबूत. सही माझी.
मॅडमनी विचारलं, पाणी कसं करता? म्हटलं, उकळून. मग गार कसं करता? म्हटलं, विसण घालून. त्यांना शब्द कळेना. नवीने हळूच सांगितलं, गरम पाण्यात गार मिसळतात मॅडम, नळाचं.
ही भावकी नळाच्या पाण्यात राहते. नवशिक्यांना हे दर वर्षी मीच शिकवतो.
नवी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
खोकला दुपारीच थांबला.

३ एप्रिल
नवा नमुना साफ आला की चित्रकाराचं नाव पुन्हा यादीत जाईल. मधल्या काळात फुफ्फुसांची एक जोडी आली होती. मॅडम म्हणाल्या, ती तिच्या मापाची नव्हतीच. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या का? नसतील. नसोत.
आज तिने नमुना दिला. बराच वेळ खोकत होती. वडील पाठ चोळत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डबीवर बेडूक नव्हता.
पाणी नवीने घातलं. मी हात मागे बांधून उभा.
घरी आलो. न्हाणीघरातून बायकोने विचारलं, पाणी फार कढत आहे, विसण घालू का?
म्हटलं, नको.
पाठ अजून भाजते आहे.