ताईने न वाचलेला शेवट

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. फिरलंय ते फक्त थोरल्या बहिणीमुळे.

१. राहतं घर मुलीला. मात्र पुढची खोली ताई हयात असेपर्यंत ताईची. तिथून तिला कुणी हलवू नये.

२. रंधे, करवती, पटाशा माझ्या पॉलिशवाल्या जोडीदाराला. जावयाला खिळासुद्धा देऊ नये; त्याने माझ्या पटाशीने पत्र्याचा डबा उघडला होता.

३. कपाटातली पुस्तकं ताईची. ती शाळेत भाषा शिकवायची आणि नववीत मी तिच्याच वर्गात होतो. अभ्यासाला चारशे पानांची एक कादंबरी होती, नुसतं रडगाणं. दातओठ खात मी ती संपवली. परीक्षेत लिहिलं, गोष्टीतली आई शेवटी परत येते. ताईने शून्य दिलं. दोन गुणांनी नापास झालो, शाळा सुटली, हातात रंधा आला.

तीन महिन्यांपूर्वी ताईची दृष्टी गेली. तिला शाळेतलीच पुस्तकं पुन्हा ऐकायची होती आणि वाचायला सापडलो मी. रोज दुपारी तासभर. स्वल्पविरामाला थांबलो नाही की टोकायची. कादंबरी अजूनही तितकीच रटाळ. गेल्या महिन्यात शेवटचं पान वाचलं. आई परत आली. ताईने ते पान पुन्हा वाचायला लावलं.

"शेवट मी कधी वाचलाच नव्हता रे," ती म्हणाली. "गाइडवरून शिकवायचे. त्यात आई येत नाही."

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ताट मात्र दोन्ही वेळा नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी भिंत चाचपत ती माझ्या कामाच्या खोलीत आली, भुशात उभी राहिली.

"उत्तर गाइडशी जुळलं नाही, म्हणून काट मारली. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि काम चालू ठेवलं.

४. सध्या दुसरं पुस्तक चालू आहे. तेही भिकार. अर्धं राहिलं तर मुलीने पुरं करावं.

५. मला सुतारकाम मनापासून आवडलं. दुसरं काही करावंसं कधी वाटलं नाही. हे मी ताईला मुद्दाम सांगितलेलं नाही. मी गेल्यावर मुलीने हे कलम तिला वाचून दाखवावं. आधी नाही.

वाचून, समजून, आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार १: शेजारचे औषधविक्रेते
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा चष्मेवाला
ठिकाण: कामाची खोली. मंगळवार, तारीख नऊ.
(सही) सुतार