सुतकात सोड्यांचा भाव

पनवेल, ता. ९ जून १९४६, रविवार

आज सुट्टी. सकाळी आईची दोन लुगडी धुवून वाळत घातली. दुपारी पडलो, पण झोप आली नाही. उकाडा फार आहे.

ती. बाबूमामांस जगनचा साष्टांग नमस्कार. (सुतकात नमस्कार लिहीत नाहीत. ते फिटले, म्हणून राहिलेले सगळे धरून एकदम करतो.) आपला गुडघा आता कसा आहे? मामींचे पथ्य चालू असेलच. बडोद्याकडे पटकीची साथ नाही असे वाचले, बरे वाटले. आई मुरूडला ताईकडे असताना गेली हे तारेने कळवले होतेच. पटकीने नव्हे, झोपेत गेली. तिकडेच अग्नी दिला. ताईच्या अंगणात न्हाव्याने माझे डोके आणि मिशा उतरवल्या. आईने ताईला आधीच बजावून ठेवले होते की माझा दहावा पनवेलीस गाढी नदीवर करा, मुरूडचे कावळे माझ्या ओळखीचे नाहीत. म्हणून अस्थींचे मडके फडक्यात बांधून मी निघालो. पुढे जे झाले ते अजून मला नीट उमगलेले नाही. तुम्ही तिचे धाकटे भाऊ, तुम्हाला कदाचित उमगेल.

मुरूड म्हणजे नवाबसाहेबांचे संस्थान. मला वाटले होते की खोळंबा होईल तो तिथेच. पण बंदरावरच्या शिपायाने मडक्याकडे पाहिले, सलाम केला आणि मला मचव्यात बसवून दिले. धरमतरहून सर्व्हिस मोटार मिळाली. ती पनवेलच्या वेशीबाहेर थांबली आणि माझ्या स्वतःच्या गावाने मला अडवले. साथीमुळे तिथे नाका बसला आहे. गावचा रहिवासी असल्याची खात्री पटल्याशिवाय आत घेत नाहीत. कुणाची भीड पडू नये म्हणून हवालदारही मुद्दाम घाटावरचा नेमलेला. मी रेशनकार्ड दाखवले. तो म्हणाला, हे कुणाच्याही खिशात असू शकते. मग मी पटकीची लस टोचल्याचा दाखला दाखवला. त्यात ओळखीची खूण म्हणून कंपाउंडरने ‘दाट मिशा’ असे लिहिले आहे. (त्याने विचारले तेव्हा मला दुसरे काही सुचले नव्हते. माझ्यात दुसरे काही नाहीही.) हवालदाराने दाखला वाचला, माझ्याकडे पाहिले आणि मिशा कुठे आहेत म्हणून विचारले. आई वारली, असे मी सांगितले. त्याने हळहळ व्यक्त केली आणि चिंचेखाली बोट दाखवले. मामा, तिथे आमच्यासारखे कितीतरी बसले होते, सगळे गुळगुळीत. साथीत घरोघरी कुणी ना कुणी गेलेले. आम्ही आपापसात दाखले बदलले असते तरी कुणाला कळले नसते.

मडक्यात काय आहे, असेही त्याने विचारले. मी सांगितल्यावर त्याने विचार केला आणि म्हणाला की मातोश्रींना जायला हरकत नाही, अस्थींना नियम लागू नाही, फक्त तुम्हाला आहे. ऊन कलू लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावा. आईला कोण नेणार, हे त्या नियमात नव्हते.

तेवढ्यात टांग्यातून अब्दुल्लाशेठ आले. आमची चहा-साखर इतकी वर्षे त्यांच्या दुकानातून येते, महिन्यातून एकदा मीच आणतो. हवालदाराने त्यांना विचारले. त्यांनी मला खालीवर पाहिले आणि चेहरा बघितल्यासारखा वाटतो, पण खात्री देता येत नाही म्हणाले. मी आईचे नाव घेतले. तेव्हा ते टांग्यातून उतरले, मडक्यासमोर मान खाली घालून उभे राहिले, डोळे मिटून काही पुटपुटले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी मनापासून विचारले, “बाईंना मुलगा पण होता?”

त्यांचा दोष नाही. मी चिठ्ठी देतो, पुडा घेतो आणि येतो. बोलायचे काम आमच्या घरात आई करत असे.

मग जनी आली, उरणकडची. ताजी मासळी साथीमुळे बंद आहे, सुकीला परवानगी आहे, म्हणून डोक्यावर सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पाटी आणि गळ्यात आत जायचा बिल्ला. आई तिच्याशी ओट्यावर तासतास भाव करायची, ते मी आतून ऐकत आलो आहे. हवालदाराने तिला विचारले, हा सत्यवतीबाईंचा मुलगा आहे का. तिने पाटी खाली ठेवली.

“तो घुमा? त्याचा आवाज कुनी आयकलाय? बाईंचा पोर असंल त सोड्यांचा भाव करून दावील.”

हवालदाराला ही कसोटी पसंत पडली. चिंचेखालचे सगळे जवळ सरकले. मी म्हटले, मला सुतक आहे. जनी म्हणाली, मग बसा तितंच. डाव्या हातात मडके (ते भुईवर टेकवायचे नसते) आणि उजव्या हाताने मी मूठभर सोडे उचलले, हुंगले आणि परत टाकले. इतके मी ठरवून केले. पुढचे मी केले नाही.

“जने, हे सोडे आहेत का न्हाव्याच्या दुकानातला केर? सुनेने वाळवलेत ना? तिला सांग, सोडे उन्हाने वाळतात, शेजारणीशी गप्पा मारून नाही.”

जनी म्हणाली, घ्यायचे तर घ्या, माझ्या सुनेवर जाऊ नका. मी पाठ फिरवली, चार पावले गेलो आणि वळलो. “तुझी कंबर कशी आहे गं? पाटी उचलताना कण्हतेस ते ऐकू येतं मला. लेप पाठवते. आणि निम्म्याने दे.”

‘पाठवते’ म्हणालो मी, मामा. मिशा नसलेल्या तोंडाने, भर रस्त्यात. कुणी हसले नाही. आवाज माझाच होता, पण त्यातली ओढ, तो मध्येच मऊ पडणारा स्वर, तो मी कधी शिकलो नव्हतो. मडक्यातून आवाज आला असता तर मला कमी नवल वाटले असते. जनीने पदर तोंडाला लावला आणि हवालदाराला म्हणाली, “सोडा त्यांना. बाईच हाय ती.” त्याने आडवा बांबू वर केला. दाखल्यावर त्याने काय लिहिले ते मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर पिंड ठेवले आणि भटजींनी हात जोडायच्या आत कावळा शिवला. एवढ्या लवकर शिवलेला त्यांनीही पाहिला नव्हता. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जगन

ता. क. — गुरुवारी जनी ओट्यावर आली होती. मी काहीच बोललो नाही तेव्हा तिने आपण होऊन सांगितले की नाक्यावर तिने मला लांबूनच ओळखले होते. “नाक बाईंचंच हाय तुमचं. पन आता त्यांचा आवाज कुठं आयकायला मिलनार, म्हून बोलवून घेतलं तुमाला.” हवालदाराचे नियम वगैरे मी वर उगाच लिहिले.

आणखी ता. क. — तुम्ही बोलता तेव्हा आईच बोलते असे वाटते, असे ताई म्हणते. गुडघा बरा असेल तर थोडे दिवस इकडे याल का? मी फार बोलणार नाही. तुम्हीच बोला.

घागर रिकामी आहे. पत्र मिटतो आणि विहिरीवर जाऊन पाणी काढून आणतो.