पडेगाव ते सिल्लोड, व्हाया ए टू झेड

१ फेब्रुवारी १९८८
वाळूज. स्टोअरमध्ये ट्रेनी. पहिला दिवस. कारखाना छोटा, पण मोठ्या कंपनीला ब्रेकचे पार्ट्स देतो. पंधरा दिवस ट्रायल, मग मालक अनंतराव ठरवणार, मला पर्मनंट करायचं की नाही. नुसती फॉर्मॅलिटी.
दुपारी स्टोअरकीपर सूर्यभाननं वॉशर आणायला आत पाठवलं. पाऊण तासानं त्यानंच मला शोधून बाहेर आणलं. सगळ्यांसमोर म्हणाला, ह्यांच्या गळ्यात घुंगरू बांधा रं, मेंढरू हरवलं तरी आवाजानं सापडतं. पॅकिंगच्या मुक्ताबाई डबा बाजूला ठेवून हसल्या.
बदला घेणार. सायंटिफिक.

२ फेब्रुवारी
'घुंगरू साहेब' हे नाव गेटपर्यंत पोचलं. वॉचमननं सलाम केला, तोही त्याच नावानं.

४ फेब्रुवारी
शत्रूचा अभ्यास. सूर्यभानकडं लिस्टच नाही. रॅकना गावांची नावं! दाराशी पडेगाव, मधे लासूर, पार मागं सिल्लोड. म्हणे, रोज लागतं ते पडेगावात, आठवड्याला लागतं ते लासुरात, वरसातून एकदा लागलं तर सिल्लोड. रोज कोण सिल्लोडला जाईल साहेब? त्या दिवशी वॉशर पडेगावातच होता, मी सिल्लोडात शोधत होतो.
गावठीपणाची हद्द. याचा बाप मेंढरं वळायचा, हा बोल्ट वळतो.
माझा प्लॅन: डिक्शनरीसारखं, ए ते झेड. लहान मुलालाही सापडेल.

६ फेब्रुवारी
सूर्यभान भाचीच्या लग्नाला गेला. हाच चान्स. सोमवारी मालकांसमोर विचारणार, सूर्यभान, वॉशर कुठाय? तो शोधत बसेल. मग मी त्याला घुंगरू देणार. गुलमंडीच्या बाजारातून आणून ठेवलंय.

७ फेब्रुवारी, रविवार
सगळं एकट्यानं हलवलं. कंबर गेली. अँकर बोल्ट दारात, वॉशर पार मागं भिंतीला. डब्यांवर इंग्लिशमध्ये पट्ट्या. गावांच्या पाट्या उपटल्या.
मुक्ताबाई ओव्हरटाइमला होत्या. म्हटलं, बघा, स्टोअरचं नामांतर! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब, विद्यापीठाच्या नावापायी आमच्या गावात घरं जाळली. तुमी पट्ट्या चिटकवल्या.
पण बदल तो बदलच ना?
(झोपताना: नाही. पण वरचं पेनानं लिहिलंय, खोडता येत नाही.)

८ फेब्रुवारी, सकाळी ९
सूर्यभान अजून आला नाही. घाबरला असेल.

११ वाजता
नामांतरावरून उद्या शहर बंद. ट्रक आजच, चारच्या आत निघायला पाहिजे. नाहीतर कंपनीची लाइन थांबणार आणि आपली ऑर्डर दुसऱ्याला. सिस्टिमची परीक्षा आयतीच आली. बरं झालं.

दीड वाजता
वॉशर दर दहा मिनिटांना लागतो. दर वेळी भिंतीपर्यंत जाऊन यायचं. चार हमाल नुसते चालतायत. पट्ट्या वाचणारा मी एकटा. अँकर बोल्ट अजून कुणी मागितला नाही.

पावणेतीन
मालक स्वतः आले. सरक्लिप कुठाय? मी म्हणालो, सीमध्ये, स्पेलिंग सीनं सुरू होतं. ते म्हणाले, सी कुठाय? मी आणायला आत गेलो. परत यायला वेळ लागला.

संध्याकाळी
बंदच्या धास्तीनं सूर्यभाननं सिल्लोडहून लवकरची एसटी धरली होती. तीनला पोचला, लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच. हमालांना एवढंच म्हणाला, रोजचं दाराशी आणा रं. मुक्ताबाई डबे उचलून वजनावरनं सांगत होत्या आत काय आहे. चारला दहा कमी असताना ट्रक गेटबाहेर.
घुंगरू माझ्याच खिशात राहिलं. धावताना वाजत होतं. मी कुठं आहे ते सगळ्यांना कळत होतं.

१० फेब्रुवारी
मालकांना रिपोर्ट दिला: सिस्टिम बरोबर, माणसं तयार नव्हती. मालकांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

१५ फेब्रुवारी
पर्मनंट नाही. ट्रायल वाढवली, सूर्यभानच्या हाताखाली. मला काढणारच होते, म्हणे. सूर्यभानच मधे पडला. राहू द्या मालक, नवं जनावर कळपात रुळायला टाइम लागतो.
याचाही बदला घेणार.
पण एका बाबतीत जिंकलो. पाट्या परत लागल्या: पडेगाव, लासूर, सिल्लोड. आणि सिल्लोडच्याही मागं, भिंतीला, नवीन रॅक. त्यावर पाटी: देवळाणकर. माझं आडनाव! या स्टोअरमध्ये माणसाचं नाव मिळालेला हा पहिलाच रॅक.
मुक्ताबाईंना विचारलं, त्यात काय ठेवलंय?
अँकर बोल्ट, म्हणाल्या.