शिवणाच्या खोलीतली काडतुसं

२ एप्रिल
बंदूक आली. लिव्हरची. १८७३च्या बंदुकीची हुबेहूब नक्कल. बनलेली इटलीत, पण आत्मा मोंटानाचा. लिव्हर खाली-वर केला की जो आवाज येतो, तो ऐकून माणूस निवृत्त राहत नाही. बायकोने, लव्हॉनने विचारलं, ही नवी आहे तर यात जुनं काय? म्हटलं, विचार. ती बटाटे सोलत राहिली.

५ एप्रिल
नेमबाजीच्या क्लबात गेलो. तिथे सगळ्यांनी जुन्या काळचे कपडे घालायचे आणि एक टोपणनाव घ्यायचं. खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. घेतलेलं नाव देशात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. आमचा दातांचा डॉक्टर ड्यूई तिथे ‘गंजका खिळा’ आहे. दवाखान्याच्या पाटीवर हे नाही. मी ‘वादळी गरुड’ मागितलं. टेक्ससमध्ये एक आहे. ‘काळा गरुड’ गेला. ‘म्हातारा गरुड’सुद्धा गेला. नंतर सांगतो म्हटलं. नाव कर्तृत्वातून यावं.

ड्यूई म्हणाला, राजा, अडतीस कॅलिबरची घ्यायचीस ना, काडतुसं कुठेही मिळतात. मी चव्वेचाळीस-चाळीसची घेतली आहे, कारण मूळची तीच. तिची काडतुसं दुकानात क्वचित येतात. उत्तर सोपं. घरी भरायची. वापरलेली पितळी पुंगळी, खाली ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत बारूद, वर शिशाची गोळी. मी आयुष्य राज्याच्या वजनमापं खात्यात काढलं. या खोऱ्यातला एकही काटा माझ्या सहीशिवाय हलला नाही. चिमूटभर बारूद मला काय जड?

९ एप्रिल
काडतुसं भरायचं यंत्र ठेवायचं कुठे? गॅरेज दमट. तळघरात पाणी. बारूद कोरडी हवी. घरातली एकच खोली कोरडी आणि उजेडाची, लव्हॉनची शिवणाची. मुद्दे शांतपणे मांडले. ती म्हणाली, सप्टेंबरच्या सामन्यापर्यंत. त्यात स्वतःच्या काडतुसांनी एक फेरी, दहाच्या दहा, न अडकता मारलीस तर खोली तुझी. नाहीतर यंत्र बाहेर, मी आत. लगेच हात पुढे केला. बिचारी.

१२ एप्रिल
शिवणयंत्र जेवणाच्या टेबलावर. जेवण मांडीवर. पश्चिमेत पहिली वस्ती करणारे पायनियर लोक असेच जेवत.

२० एप्रिल
पुंगळ्या घासायचं यंत्र आलं. डब्यात मक्याच्या कणसांचा भरडा, त्यात पुंगळ्या. डबा थरथरतो, पुंगळ्या सोन्यासारख्या निघतात. भिंतही थरथरते. लव्हॉन म्हणाली, टाका सरळ पडत नाही. म्हटलं, एकाग्रता हवी.

५ मे
या पुंगळीची मान कागदासारखी पातळ. यंत्राचं हँडल दाबलं की चुरगळते. सकाळभर चुरगळल्या. हल्ली पितळच चांगलं येत नाही. संध्याकाळी एक सरळ निघाली. लव्हॉनला दाखवली. म्हणाली, छान, हिला भावंडं कधी?
तिने माझ्यासाठी वास्कट शिवलंय. करडं, पितळी बटणांचं. बरं आहे.

१८ मे
मैदानावर पहिला दिवस. पहिलं काडतूस उडालं. दुसरं अडकलं. ड्यूईने हातात घेऊन पाहिलं. म्हणाला, लांब झालंय रे. पुस्तकातलं माप धर. लांबी मोजायचा कॅलिपर आहे ना? मी हसलो. कॅलिपर! मला! माझ्या बोटांत माप आहे.
लोक मात्र वास्कटच बघत होते. कुठून घेतलंस, ड्यूईने विचारलं. म्हटलं, बायको काहीबाही करत असते.

१ जून
निर्णय झाला. सगळी काडतुसं आखूड करायची. आखूड वस्तू अडकत नाही. साधं तर्कशास्त्र.

१५ जून
अडकली. ड्यूईने पोट धरून हसून घेतलं, मग समजावलं. आत एक लिफ्ट आहे म्हणे, एका काडतुसाच्या मापाची. लंबू आत शिरला तर दार लागत नाही. बुटका शिरला तर मागचा अर्धा पाय आत घालतो. तरी दार लागत नाही. म्हटलं, इटलीतल्या लिफ्टा तशाच असणार.
आखूड केलेली सगळी मोडून टाक म्हणाला, गोळी खोल दाबली की आतला दाब वाढतो. मोडतो आहे. त्यातूनही शिकायला मिळतं.

७ जुलै
स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर गंजका खिळा चड्डीवर उभा. लव्हॉनच्या तोंडात टाचण्या. तो म्हणाला, दार लाव ना, थंडी वाजते. त्याच्यामागे आणखी दोघं मापं द्यायला रांगेत. एकाची नवी विजार स्टोव्हला लागून जळली. लव्हॉन म्हणाली, ऑरिन, मला खोली हवी. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. सप्टेंबर.

११ ऑगस्ट
वणव्यांचा धूर. मैदान बंद. नाहीतर आज प्रगती झाली असती.
एक कॅलिपर मागवला. कुणाला तरी भेट द्यायला.

२४ ऑगस्ट
भेट द्यायच्या आधी तपासून पाहिला. चालतो. आज एकही काडतूस अडकलं नाही. बोटांना अखेर यंत्राची सवय झाली. खोलीसाठी पडदे बघितले. रानरेड्यांची नक्षी.

५ सप्टेंबर
उद्याची भरत होतो. मध्येच लव्हॉनची हाक. ड्यूईच्या बायकोचा घागरा कडेने धरून उभा राहिलो. ती गोल गोल फिरत होती, मी तिच्याबरोबर. परत आलो तर कुठवर आलो होतो ते आठवेना. पुस्तक म्हणतं, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघा. ते नवख्यांसाठी.

६ सप्टेंबर
सामना. निम्मा क्लब लव्हॉनच्या वास्कटांत. पंच बाईने नाव विचारलं. म्हटलं, अजून ठरतंय. रांगेतून ड्यूई ओरडला, लिही, शिंपिणीचा नवरा! सगळे हसले. तिने तेच पुकारलं.
निशाणाचा पहिला पत्रा वाजला. दुसरा. सहाच्या सहा वाजले. लव्हॉन दोरीपाशी उभी होती. मला पडदे दिसायला लागले.
सातव्याला फुस्स. टोपीचा तेवढा आवाज. पत्रा गप्प. मी पुढचं काडतूस चढवायला लिव्हर ओढणार, तोच पंच बाईने मनगट धरलं. थांब! बारूदच नव्हती त्यात. गोळी नळीत बसलीय. त्यावर दुसरी मारलीस तर नळी फुटेल, आणि तुझं तोंड तिच्याजवळ आहे.
ड्यूईने काठी घालून गोळी ठोकून काढली. लहान दिसत होती. दातांचा डॉक्टर गप्प झाला की माणूस घाबरतो.
दहात सहा म्हणजे बहुमत. गाडीत लव्हॉनला हे सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली. म्हणाली, हात दाखव. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. एकेक बोट दाबून पाहिलं. मग गाडी सुरू केली आणि म्हणाली, यंत्र उद्या बाहेर.

७ सप्टेंबर
यंत्र गॅरेजमध्ये. बारूद पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. तसा मीच विचार करत होतो. पुंगळ्या घासायचं यंत्र तेवढं खोलीत राहू दे म्हणाली. समजूतदार बाई आहे.

२७ सप्टेंबर
क्लबातून नाव पक्कं होऊन आलं. देशभर तपासलं म्हणे. दुसऱ्या कुणाचं नाही.
लव्हॉनकडे आज जुनी पितळी बटणं आली, काळी पडलेली. भरड्यात टाकली, डबा लावला, शेजारी बसून राहिलो. भिंत थरथरली, तिने कुरकुर केली नाही. संध्याकाळी काढली. सोन्यासारखी. तिने एकेक घेऊन काजात घालून पाहिलं.
एकही अडकलं नाही.