बोर्डावरची शेवटची ओळ

अण्णा, तुम्हांला वाचता येत नव्हतं आणि मी त्याचा एकदा फायदा घेतला. तेवढंच सांगायला बसले आहे, पण ते सांगायचं तर त्या संकष्टीपासून सुरुवात करावी लागेल.

आपलं घर राजूरच्या रस्त्याला, त्यामुळे चतुर्थीला गणपतीला पायी निघालेल्या उपाशी बाया आपल्या दारात टेकायच्या. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाची मान धरलेली असायची. तुम्ही मेंढरं वळणारे, पण पंचक्रोशीत तुमच्या हाताचं नाव होतं. बाजेवर बसवून, कोमट तेलाचे अंगठे कवटीखालच्या खळग्यात ठेवून तुम्ही नुसते थांबायचात. दाबायचं नाही, झटका तर नाहीच. मी लहानपणी विचारलं होतं की हे कुठं शिकलात. तुम्ही म्हणालात, "मेंढरू सांगत न्हाई कुठं दुखून राह्यलं ते. हातानं इचारावं लागतं." मला तेव्हा ते बोलणं फार भारी वाटलं होतं. पुढं शहरात शिकायला गेल्यावर तेच अडाणी वाटू लागलं. असं होतं खरं.

फिजिओथेरपी झाली, वर मणके वाजवून मोकळे करायचा कायरोप्रॅक्टिकचा कोर्सही केला, आणि सुट्टीत घरी आले तर नेमकी चतुर्थी. तुम्ही मेंढरं घेऊन रानात. दारात एक बाई आली. दर महिन्याला अर्धं डोकं फुटायचं म्हणाली, उजेड सहन होत नाही म्हणून पदर डोळ्यांवर ओढलेला. माझे हात शिवशिवत होतेच. मी तिला बाजेवर आडवी केली, मान वळवली आणि कडकन वाजवली. सोबतच्या बाया अचंब्यानं बघत राहिल्या, मीही जरा ताठ झाले. ती उठली, दोन पावलं चालली आणि लिंबाखाली बसून कोरड्या ओकाऱ्या काढायला लागली. तेवढ्यात तुम्ही आलात. तिची बोटं, डोळे, बोलणं सगळं नीट बघितलंत, तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलंत, कपाळावर ओलं फडकं ठेवलंत आणि विचारलंत, कालपासून पोटात काय गेलं. पाणीसुद्धा गेलेलं नव्हतं. ऊन, निर्जळी उपास आणि चार कोस चाल, आणि मी मानेत दोष शोधत होते. तुम्ही लिंबू-साखरेचं पाणी केलंत. ती घेईना, उपास मोडेल म्हणाली. तर म्हणालात, देवाला मी सांगतो, तू पी. मग सगळ्यांदेखत माझ्याकडे वळलात. "हात शिकून आलीस माय, बराबर. पण इचारायचं कुठं ठिवून आलीस?"

दिवेलागणीला ती उठून बसली. पुढच्या चतुर्थीला पाण्याची बाटली घेऊन आली आणि डोकं दुखत नसतानाही तुमच्या पाया पडून गेली. मी मात्र तुमचं ते वाक्य धरून बसले. तुमच्या हातानं शंभर माणसांना बरं वाटलं हे मला दिसत होतं. एका म्हाताऱ्याचं डोकं एकाएकी ठणकलं आणि जीभ जड झाली तेव्हा, "हे माझं काम न्हाई," म्हणून तुम्ही त्याला जीपमध्ये घालून भोकरदनच्या दवाखान्यात नेलंत, तेही आठवत होतं. अशा वेळी मानेला हात लावायचा नाही, हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं. पण चारचौघांत झालेला अपमान माणसाला आंधळं करतो.

जालन्यात दवाखाना टाकला तेव्हा बोर्डाच्या शेवटी मी मुद्दाम एक ओळ रंगवून घेतली. उद्घाटनाला तुम्ही नवं धोतर नेसून आलात. बोर्डाखाली उभे आहात, मान वर, डोळ्यांवर हात धरलेला. बोटानं ओळी मोजत खाली येता आणि विचारता, "ही शेवटची काय म्हन्ती?" मी म्हणते, वडिलांच्या आशीर्वादाने. तुम्ही पटका सारखा करता आणि नाकाचा शेंडा पुसता. नंतर आईनं सांगितलं की राजूरच्या स्टँडवर तुम्ही दिसेल त्याला थांबवून ते सांगत होतात. हे जग सोडून जाईपर्यंत सांगत होतात.

तिथं लिहिलं होतं, 'येथे गावठी पद्धतीने मान मोडत नाहीत.' आणि मान तुम्ही जन्मात कुणाची मोडली नव्हती, अण्णा. त्या घरात ते काम एकटीनं मी केलं होतं.

आज पुन्हा चतुर्थी. वडीगोद्रीहून एक शिक्षिका आल्या होत्या. अर्धशिशी. मोबाईलवर कुणाची तरी मान वाजताना बघून आलेल्या, तसंच करा म्हणाल्या. मी पडदे ओढले, पाणी दिलं, आणि झोप किती, जेवण कधी, पाळीच्या दिवसांत दुखतं का, सगळं विचारत बसले. खांदे दगडासारखे होते, तेवढे मोकळे केले. मान वाजवली नाही. अर्धशिशी मानेतून उपटून निघत नाही, दुखण्याचे दिवस वहीत लिहा आणि औषधासाठी डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. जाताना त्या म्हणाल्या, इतकं कुणी विचारलं नव्हतं, कुठं शिकलात? मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. जिभेवर तुम्ही होतात, तरी बोट तिकडंच गेलं.

रंगाऱ्याला दोनदा बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. ओळ अजून तिथंच आहे. हे पत्र पाठवायचं कुठं, आणि तुम्ही असतात तरी ते मलाच तुमच्याशेजारी बसून वाचून दाखवावं लागलं असतं. त्या ओळीपाशी आले असते, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिला असतात, आणि खरं सांगते अण्णा, मी पुन्हा 'वडिलांच्या आशीर्वादाने' असंच वाचलं असतं.