शेरू घरी एकटा असतो तेव्हा

बल्लारपूर, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७

शेजारचे रामटेके भाऊ खाणीत रातपाळीला असतात. महिनाभर सांगत होते, "तुमचा शेरू दिवसभर भुंकून राह्यला, मले झोप नाई." आणि मी काय म्हणालो? "दिवसा कोन झोपते, भाऊ?" खाणीतून आलेल्या माणसाला! माझ्यासमोर कुत्रं कधी भुंकत नाही, म्हणून मला ते खोटंच वाटायचं. पण मी घरी असतो कधी? दहाच्या पॅसेंजरने चंद्रपूरला जातो, येतो दिवेलागणीला.

आज पॅसेंजर रद्द झाली. परतलो, तर भाऊंनी मला दारातूनच आपल्या घरात नेऊन बसवलं. "आता तुमीच ऐका."

भिंतीपलीकडे शेरू तीनदा भुंकला आणि थांबला. पुन्हा तीनदा, पुन्हा थांबला.

"हे थांबनंच खराब," भाऊ म्हणाले. "वाटते झालं, डोळा लागते, अन् मंग पुन्हा."

ते थांबणं मी ओळखलं. कुणाला हाक मारली की आपणही असंच थांबतो, ओ येते का बघत.

मी बसल्या जागेवरून "ओ" दिली. शेरू गप्प झाला. थोड्या वेळाने भाऊ घोरायलाही लागले.

उद्या पॅसेंजर आहे. मग ओ कोण देणार?