देवाच्या दिव्याची तार

४ एप्रिल १९७४

गाडी आली! जुनी फियाट, पण यांचा थाट विमान घेतल्यासारखा. आता तिच्यात रेडिओ हवा, पंखा हवा. माझ्या स्वयंपाकघरात पंखा मागून सहा वर्षं झाली. असो! पुढच्या आठवड्यात लेकीला, ईरम्माला बाळंतपणासाठी अक्कलकोटहून हिच्यातूनच आणायचंय.

७ एप्रिल

गाडीचं वायरिंग करणारा शिवयोगी आला. "मालक, बॅटरीपासनं जाड तार घ्या. परत्येकाला येगळी, परत्येकाला आपला फ्यूज." त्याला दोन दिवस लागणार – यांना दोन तास निघेनात! सगळं एकाच बारक्या तारेला जोडून घेतलं. मी म्हटलं, सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीपुढे लाल दिवाही लावा. तोही तिथंच. देवाच्या दिव्याला अशी कितीशी वीज लागते!

शिवयोगीनं नाइलाजानं त्या तारेवर एक फ्यूज घातला. "ह्यो उडाला तर समजा, त्यानं तुमाला वाचवलं."

९ एप्रिल

उडाला.

१० एप्रिल

दुसरा घातला, तोही उडाला. शिवयोगी कुर्डुवाडीला गेलेला. हे म्हणतात, "दिवा-पंखा राहू दे, गाडी चालते की!" म्हणजे पोटुशी लेक देवाच्या दिव्याशिवाय आणायची? पंख्याचं एक सोडा, दिव्याचं कसं सोडायचं?

११ एप्रिल, सकाळी

दिवा लागला! पंखाही फिरतोय! देवाची कृपा. आम्ही निघतो.

१२ एप्रिल

काल परतताना वळसंगच्या अलीकडे ईरम्मा ओरडली, "अव्वा, धूर!" तार पेटलेली. यांनी लेकीला उचलून थेट शेतात नेलं – घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस! ती बरी आहे. बाळ हलतंय.

आज शिवयोगीनं फ्यूज काढला, तर त्याला चांदीचा कागद गुंडाळलेला. "ह्यो कुणाचा उद्योग? ह्या कागदामुळंच फ्यूज उडला न्हाई, तार पेटली." यांनी कागद हातात घेतला, बघितला. "माझाच," म्हणाले. अक्कलकोटहून धावत आलेल्या व्याह्यांनी सगळ्यांदेखत काय काय सुनावलं! हे मान खाली घालून उभे. "पुरुषांना हौस भारी," मीही म्हणाले.

१४ एप्रिल

यांचा सदरा धुवायला काढला. खिशात तोच कागद, नीट घडी घातलेला. कडेनं जळलाय, तरी सुगंधी सुपारीचं नाव वाचता येतंय. घरात ती सुपारी एकटी मी खाते. त्या सकाळी तो मीच गुंडाळला होता – आणि यांनी परवा हातात घेतला तेव्हाच ओळखला होता.